धावफलकापलीकडची साधना

भिवंडी ही श्रमिकांची नगरी. अहोरात्र चालणारे यंत्रमाग, महामार्गालगत पसरलेली गोदामे आणि पाळी संपवून घराकडे परतणारे थकलेले कामगार, ही तिची ओळख. मात्र भाताची कापणी आटोपली की याच तालुक्यातील गावोगावच्या मोकळ्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात आणि टेनिस चेंडूचे सामने रंगू लागतात. त्या शेतात फलंदाजीची वाट पाहत बसलेल्या अनेक मुलांच्या मनात मोठ्या मैदानाचे स्वप्न असते. पोटाला चिमटा घेऊन मुलाला क्रिकेटच्या वर्गाला घालणाऱ्या पालकांच्या मनातही तेच असते. अशी स्वप्ने पाहण्यात काहीही गैर नाही. प्रश्न आहे तो पुढचा. यशाची गोडी लावणारे आज चहूकडे आहेत. पण निवड यादीत नाव नसल्याचे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून काय करायचे असते, हे त्या मुलाला कोण सांगणार?

या प्रश्नाचे गांभीर्य खाडीपलीकडच्या कल्याणने अनुभवले आहे. ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणच्या एका मैदानावर प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या शालेय खेळाडूने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स याने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मागे टाकला. जगभरातून कौतुकाचा वर्षाव झाला, मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनीच हिशेब मागायला सुरुवात केली. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी ही शिष्यवृत्ती थांबवावी, असे असोसिएशनला कळवले. त्या पित्याचा स्वाभिमान वंदनीयच होय. तथापि, एका डावाच्या बळावर कोवळ्या मुलाकडून आयुष्यभराची हमी मागणाऱ्या समाजाने यातून काही बोध घेतला का, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

याच भूमीने दुसरेही एक उदाहरण घडवले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत भिवंडी आणि पालघर हे एकाच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. त्या पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर. वडील शेतकरी. शालेय सामन्यात त्याचा खेळ पाहून प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या शाळेत आणायचे ठरवले. पण रोज पालघरहून ये-जा करून अभ्यास आणि सराव दोन्ही साधणे कठीण होते. तेव्हा लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. गुरुगृही राहून विद्या घेण्याची आपली परंपरा मुंबईच्या उपनगरातील एका मध्यमवर्गीय घरात अशी पुन्हा नांदली. त्याच शाळेकडून खेळताना शार्दूलने एका षटकात सहा षटकार ठोकले. त्याचा गाजावाजा झाला, पण पुढची वाट मात्र मुळीच सोपी नव्हती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याने मुंबईकडून रणजी पदार्पण केले. पहिल्या चार सामन्यांत त्याची गोलंदाजीची सरासरी होती ८२. म्हणजे एकेका बळीसाठी ८२ धावांचे मोल! मुंबईसारख्या संघात एवढ्यावर कायमची रजा मिळू शकते. शरीर जड होते, ते कमी करण्याचा सल्ला खुद्द सचिन तेंडुलकरने दिला. शार्दूलने तो मानला. २०१४-१५ च्या हंगामात त्याने ४८ बळी घेतले आणि सरासरी २०.८१ पर्यंत खाली आणली. पुढल्याच हंगामात सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात आठ गडी बाद करून मुंबईच्या ४१ व्या रणजी विजेतेपदात मोलाचा वाटा उचलला. टीका झोंबते तेव्हा ती करणाऱ्याचे दोष शोधण्याचा मोह कोणालाही होतो. या तरुणाने टीकेतला उपयोगाचा भाग तेवढा घेतला आणि तो कामाला लागला.

खरी परीक्षा पुढेच होती. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. जन्मभर पाहिलेले स्वप्न हाती आले आणि अवघे दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने त्याला मैदान सोडावे लागले. यात त्याची चूक काय होती? काहीच नाही. आपला दोष नसताना पदरी येणारे अपयश माणसाला सर्वांत अधिक कडवट करते, कारण तिथे दैवाला बोल लावण्याची सोय असते. पुढची कसोटी खेळायला त्याला सत्तावीस महिने थांबावे लागले. या काळात दुखापतीतून सावरणे, पुन्हा लय मिळवणे आणि कसोटीच्या संधीची वाट पाहणे त्याच्या हाती होते.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर संधी आली ती निम्मा संघ जायबंदी झाल्यामुळे. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया तेथे कसोटी हरली नव्हती. भारत ६ बाद १८६ असा अडचणीत असताना शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागीदारी केली, त्यात शार्दूलच्या ६७ होत्या. दोन्ही डावांत मिळून त्याने सात गडीही बाद केले. भारताने तो सामना तीन गडी राखून जिंकला. लोकांनी पाहिले ते पाच दिवस. त्यामागचे सत्तावीस महिने त्या सामन्याच्या धावफलकावर नोंदले गेलेले नाहीत.

त्यानंतर सारे सुरळीत झाले असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला त्याने एका डावात ६१ धावांत सात बळी घेतले, तरी भारत तो सामना हरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या लिलावात त्याला कोणीही घेतले नाही. तो रणजीच्या मैदानावर परतला आणि जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध संकटात शतक ठोकले. मुंबई तोही सामना हरली. मार्च २०२५ मध्ये एका जायबंदी खेळाडूच्या जागी लखनौने त्याला बोलावले आणि हैदराबादला त्याने चार गडी बाद केले. हे तेच मैदान, जिथे दहा चेंडूंनंतर त्याला लंगडत बाहेर पडावे लागले होते.

या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. निकाल खेळाडूच्या हाती नसतो. निवड समिती, लिलाव, दुखापत, सहकाऱ्यांचा खेळ यांवर त्याची सत्ता चालत नाही. त्याच्या हाती असते ती उद्याची सकाळ आणि त्या सकाळी घ्यायचे कष्ट. ज्याला हा भेद उमगला तो यशाने फुगत नाही आणि अपयशाने मोडत नाही. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर शार्दूलने अंधेरीहून लोकल पकडून पालघरचे घर गाठले होते. भारतीय संघाचा खेळाडू गर्दीच्या गाडीत पाहून प्रवासी चकित झाले. त्याच्या लेखी ती घराकडे जाणारी नेहमीची गाडी होती.

हा धडा केवळ खेळाडूंसाठी नाही. दहावीच्या टक्क्यांनी किंवा एखाद्या प्रवेश परीक्षेने खचून जाणारी मुले आज घरोघरी आहेत. ज्या घरात पराभूत मुलाच्या पाठीवर हात पडण्याआधी शेजारच्या मुलाचे गुण ऐकवले जातात, त्या घरात जिद्द रुजायची कशी? मुलगा सामना खेळून घरी आला की ‘किती धावा केल्यास?’ याआधी ‘आज काय शिकलास?’ हे विचारण्याची सवय पालकांनी लावून घेतली पाहिजे. शिक्षकांनी व गावातील जाणत्या मंडळींनीही आपापल्या परीने एखाद्या होतकरू मुलाचा भार उचलला पाहिजे. प्रत्येक गावातून कसोटीपटू निघणार नाही. पण हरल्यावर उभे राहणारी पिढी मात्र प्रत्येक गावातून निघू शकते.

यंत्रमागावर सूत तुटते, तेव्हा कारागीर माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तुटलेल्या सुताकडे दुर्लक्ष केले तर पुढच्या सगळ्या कापडात दोष उतरतो, आणि सूत तुटले म्हणून माग बंदच ठेवला तर कापड विणलेच जात नाही. भिवंडीच्या मुलांना ही विद्या परक्या कोणाकडून शिकायची गरज नाही. त्यांचे वडील आणि काका रोज पाळीवर हेच करत आले आहेत.