काळी पॅन्ट पांढरी कशी झाली?

बालमित्रांनो, शनिवार पेठेतल्या एखाद्या सोसायटीत रात्री सीसीटीव्हीचा पडदा नीट बघा बरं का! काळी पॅन्ट घातलेले काका त्यात कधी कधी चक्क पांढऱ्या पॅन्टमध्ये दिसतात. भुताटकी? छे!

अंधार पडला, की असा कॅमेरा अवरक्त प्रकाश सोडतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. कपड्याचा काळा रंग साधा प्रकाश गिळतो, पण पुष्कळ काळे रंग अवरक्त प्रकाश मात्र परत पाठवतात. म्हणून कापड उजळ दिसतं. झाडांची हिरवी पानंही तशीच उजळतात.

५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शिरले आणि शायिस्तेखानाची बोटं तुटली. शनिवारवाड्यापासून ही जागा हाकेच्या अंतरावर! तेव्हा पहारेकऱ्यांकडे होते नुसते डोळे आणि मशाली. आजच्या पहारेकऱ्याच्या दुर्बिणीला चांदण्यातला अवरक्त प्रकाशही पुरतो. मग सैनिकानं लपायचं कसं? गणवेशाचे रंग असे निवडतात, की ते अवरक्त प्रकाशातही झाडीत मिसळतील. फार उजळ नको, फार गडदही नको. उजळ पानांत गडद ठिपका लगेच कळतो. आणि एवढं करून पाठपिशवीचा पट्टा साध्या नायलॉनचा निघाला, तर? पट्टाच चमकणार, जवान सापडणार!

घरी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. काही फोनांत टोकाचा दिवा लुकलुकताना दिसतो. एकात दिसला नाही, तर आजोबांचा जुना फोन मागून बघा.