पुढारलेले आणि मागासलेले

पश्चिम महाराष्ट्र सुखी आणि मराठवाडा दुःखी, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते ऐकून कोणी मान वर करूनही पाहत नाही. त्याच्या सत्यतेविषयी आमची तक्रार नाही. उत्पन्न घ्या, पिण्याचे पाणी घ्या, दवाखाना घ्या. कोणत्याही मापाने मोजले तरी पुणे, सांगली, कोल्हापूरचे पारडे बीड, परभणी, हिंगोलीपेक्षा जड भरते, हे आम्हांस मान्य आहे. आमचा वाद आहे तो या विधानाच्या पाठोपाठ मुकाट्याने घरात शिरणाऱ्या दुसऱ्या विधानाशी. ते असे की, इकडची माणसे उद्योगी म्हणून वर आली आणि तिकडची सुस्त म्हणून मागे राहिली. हे कोणी सहसा छापून आणीत नाही. परंतु सुशिक्षित घरांतून चहाच्या पेल्याबरोबर ते नित्य कानी पडते. त्या पेल्यात जी साखर असते तीच, आमच्या मते, या म्हणण्याचे उत्तर आहे.

प्रथम उद्योगीपणाचाच हिशेब पाहू. बारामतीच्या शिवारात लातूरपेक्षा पाऊस कमी पडतो. म्हणजे आभाळाने पक्षपात केला असेल तर तो उलट बाजूने. मग बारामतीस ऊस कोठून आला? १८७६-७७ च्या दुष्काळाने इंग्रज सरकार हादरले, आणि त्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे धरण व निरेचा डावा कालवा तयार झाला. पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि त्याच पाण्याच्या काठी १९५० च्या सुमारास लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कर्तृत्वास उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. ते थोरच होते. परंतु कालवा आधी आला व कारखाना मागून, हा क्रम विसरून चालणार नाही.

त्याच काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. निजामानेही धरण बांधले. १९३१ साली पुरे झालेले निजामसागर. ते ज्या मांजरा नदीवर आहे ती उगम पावते बीड जिल्ह्यातील डोंगरांत. भिजविते मात्र तेलंगणाची भाताची खाचरे. मराठवाड्यासाठी मोठे धरण म्हणावे असे जायकवाडीच. त्याची कोनशिला १९६५ साली बसली आणि उद्घाटन १९७६ साली झाले. भंडारदरा आणि जायकवाडी यांच्यामध्ये बरोबर पन्नास वर्षे आहेत. या पन्नास वर्षांना सुस्ती हे नाव देणारांनी ती कोणाची सुस्ती, एवढे तरी सांगावे. विद्येचीही तीच गत. मुंबईस विद्यापीठ निघाले १८५७ साली, औरंगाबादेस १९५८ साली. ज्यांचे पणजोबा पदवीधर होते त्यांनी, ज्यांच्या आजोबांस मातृभाषेतून पुरते शिकताही आले नाही त्यांच्या बुद्धीची परीक्षा घ्यावी, हा मौजेचा प्रकार आहे.

यावर आक्षेप येईल की, निजामी जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. शंकरराव चव्हाणांपासून विलासराव देशमुखांपर्यंत मुख्यमंत्रीही त्या भागाने दिले. आता रडगाणे कशास? आक्षेप अगदीच पोकळ नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्याच लातूरच्या आसपास उसाचे मळे होते, आणि ते लावणारे कोणी परप्रांतीय नव्हते. मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी पश्चिमेकडून पाटबंधाऱ्याची शिस्त न उचलता साखरेचा हव्यास तेवढा उचलला, असे आम्ही स्वच्छ म्हणतो. परंतु पुढाऱ्याचे पाप रयतेच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. शिवाय १९५३ च्या नागपूर कराराने खर्चाच्या वाटपाचे जे अभिवचन दिले होते, त्याचे काय झाले हे पाहण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकरांची समिती नेमावी लागली. तिने काढलेला अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा होता. विलीनीकरणानंतर जवळजवळ तीस वर्षांनी ही बाकी निघाली, म्हणजे ती निजामाच्या नावावर तरी टाकता येणार नाही.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, व तुलना करणारे तिच्याकडे पाहतच नाहीत. हे दोन प्रांत शर्यतीतल्या दोन घोड्यांसारखे अलग धावत नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; म्हणजे दोन माणसे, पण हिशेबास एक. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने परक्या शिवारात पाचटाच्या कोपीत राहावयाचे, पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, रात्री-अपरात्री गाडी भरावयाची. एक दिवस आजारपणात गेला की त्याचा खाडा, आणि खाड्याचा दंड. मूल बरोबर आणले तर त्याची शाळा बुडते, मागे ठेवले तर ते म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडते. २०१९ साली नेमलेल्या सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहांत एक! पाळीच्या दिवसांत खाडा नको, ही त्यामागील कारणांपैकी एक. ज्या स्त्रीस रोजगारासाठी शरीराचा अवयव गमवावा लागतो तिला आळशी म्हणणारी जीभ कशाची घडलेली असेल?

आता जमाखर्च पाहा. तिने तोडलेला ऊस सांगली-कोल्हापूरच्या खात्यात जमा होतो, तेथील दरडोई उत्पन्न वाढवितो, तेथे महाविद्यालये आणि इस्पितळे उभारतो. तिचे दुखणे मात्र बीडच्या खात्यात नावे पडते, आणि तिच्या मुलाची बुडालेली शाळा बीडच्या शिक्षणाच्या आकड्यात दिसते. मजुरी तीही घरी नेते, हे खरे. पण त्यातील पहिला वाटा जुन्या उचलीत जातो. असे आकडे शेजारी शेजारी मांडून, एक प्रांत पुढारलेला व दुसरा मागासलेला, असा निर्णय देणे म्हणजे सावकार आणि कूळ यांच्या तिजोऱ्या मोजून काटकसरीवर व्याख्यान देण्यासारखे आहे.

‘पश्चिम महाराष्ट्र’ या एका शब्दातही किती झाकले जाते! माण आणि जत हे तालुकेही त्याच सुखी प्रांतात मोडतात. तेथील माणसास मात्र हे सुख शेजारच्या कालव्याच्या रूपाने दुरूनच दिसत आले. तालुका सोडून प्रांताची सरासरी काढली की दुष्काळ आपोआप नाहीसा होतो.

मागास भागांवर लक्ष ठेवण्यासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळे निघाली होती. त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली, आणि त्याचा फारसा गवगवाही झाला नाही. सरकारकडे मागणे मागावयाचे ते मागावेच. पण आमच्या वाचकांत साखर कारखान्यांचे सभासद थोडे नाहीत. वार्षिक सभेच्या अहवालात किती टन ऊस गाळला, उतारा किती पडला, हे दरसाल छापून येते. त्याच पानावर किती कोयते आले, ते कोणत्या तालुक्यांतले होते, त्यांच्याबरोबर मुले किती होती, त्यांतली किती शाळेत बसली आणि आजारपणाचे खाडे किती कापले, हेही छापून मागावे. यास कायद्याची गरज नाही. सभेत उभे राहून प्रश्न विचारणारा एक सभासद पुरे.