ड्रोन खाणीवर, धोका खालच्या वाडीत

जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीत साचलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले. लाल चिखल घरांत, शेतात आणि बागायतीत शिरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने खाणींच्या नियमांत दुरुस्ती केली. ज्या खाणीचे क्षेत्र ५० हेक्टर किंवा जास्त आहे, अथवा वार्षिक उत्खननाचा आराखडा १० लाख टन किंवा जास्त आहे, तिने दरवर्षी खाणीची आणि हद्दीबाहेर १०० मीटरपर्यंतची ड्रोनने टिपलेली छायाचित्रे भारतीय खाण ब्युरोला द्यायची. इतरांना उपग्रहाची छायाचित्रे चालतात. कळणेची खाण सुमारे ३२ हेक्टरची; क्षेत्राच्या निकषावर ती ड्रोनच्या सक्तीत बसतच नाही.

नियम चांगला आहे, पण त्याचा भर उत्खनन हद्दीत आणि आराखड्याप्रमाणे चालले आहे का, यावर आहे. आपला प्रश्न वेगळा आहे: वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात खाणीखालच्या वाडीला धोका आधी कळेल का?

तंत्रज्ञान ते करू शकते. ड्रोन एकाच जागेची शेकडो छायाचित्रे वेगवेगळ्या कोनांतून घेतो. संगणक ती जुळवून खाणीची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. दोन सर्वेक्षणे शेजारी ठेवली की उतार कुठे खचला, मातीचा ढीग किती वाढला, पाणी कुठे साचते आहे, हे दिसते. मशीन लर्निंगची प्रणाली त्यातल्या भेगा माणसापेक्षा लवकर हुडकते. अट एकच: तिला आपल्या जांभ्याच्या, पावसात भिजलेल्या डोंगरांची उदाहरणे शिकवावी लागतील. कोरड्या प्रदेशातल्या खाणींवर शिकलेली प्रणाली इथे चुकू शकते.

ऐन पावसात ड्रोन उडवणे कठीण. तेव्हा ढगांतूनही पाहणारे उपग्रहाचे रडार उपयोगी पडते. इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी अवकाशात गेला. जमिनीची काही सेंटिमीटरची हालचालही टिपण्यासाठी तो बनवला आहे.

पण इशारा माणसांपर्यंत पोहोचला तरच उपयोग. अमेरिकेतील बिंगहॅम कॅन्यन खाणीत एप्रिल २०१३ मध्ये प्रचंड कडा कोसळला. उपकरणांनी हालचाल टिपली होती, कामगारांना आधीच बाहेर काढले होते. एकही जीव गेला नाही. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे जानेवारी २०१९ मध्ये खाणीच्या गाळाचे धरण फुटून २७० माणसे दगावली. ते धरण आधीपासून सरकत असल्याच्या खुणा उपग्रहाच्या नोंदींत होत्या. संशोधकांनी त्या नंतर शोधल्या.

म्हणून सिंधुदुर्गापुरती तरी मागणी स्पष्ट हवी. खाण लहान असो वा मोठी, मे महिन्यात आणि पावसाळा संपताच ड्रोन सर्वेक्षण व्हावे. ते १०० मीटरवर न थांबता खाणीचे पाणी ज्या ओहोळाने उतरते, त्या ओहोळाकाठच्या शेवटच्या घरापर्यंत आणि विहिरीपर्यंत जावे. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि वाडीत भोंगा असावा. खर्चाचे कारण टिकणारे नाही. खनिजाचे ढीग मोजायला जे ड्रोन वापरता येते, तेच बांधावरची भेगही दाखवू शकते. मात्र ती भेग पाहण्याचा पहिला हक्क खाली राहणाऱ्यांचा आहे.