सारंगखेड्याला जायचेच आहे, तर ठरवून जाऊ



दत्तजयंती जवळ आली की आपल्या पारोळा तालुक्यातल्या माणसांचे पाय सारंगखेड्याकडे वळतात. कोणाला एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायचे असते, कोणाला घोडे पाहायचे असतात, कोणाला बैलाचा साज नाहीतर वखराची पास घ्यायची असते. पोरांना पाळण्यात बसायचे असते. यासाठी कोणी पत्रक काढत नाही, कोणी जीप फिरवत नाही. तरी माणूस जातो, पदरचे भाडे घालून जातो.

आता आपला मेळावा आठवा. पंधरा दिवस आधी पत्रके, फोन, गावोगाव निरोप. आणि दिवस उजाडला की सतरंजीवर चाळीस माणसे. त्यातली दहा पदाधिकारी, पाच त्यांचे नातेवाईक. उरलेल्यांना विचारा, ‘दादा, बाकीचे का नाही आले?’ उत्तर ठरलेले : वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही, दिवस मोडतो.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मी एक प्रस्ताव मांडणार आहे. यंदा डिसेंबरचा आपला मेळावा पारोळ्यात घेऊ नये. २०२६ च्या सारंगखेडा यात्रेत घ्यावा. एक दिवस मोडायचाच आहे, तर तोच मोडू.

हे बोललो तेव्हा एका आबांनी लगेच तोंडावर सांगितले, “भाऊ, यात्रामा भाषण कोन आयकस?”

आबांचे म्हणणे खरे आहे, आणि त्याचा चटका मी स्वतः खाल्लेला आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या यात्रेत आम्ही सभा लावली होती. मंडप घातला, भोंगा लावला, वक्ते आणले. आमच्या मंडपाच्या मागेच तमाशाचा तंबू. तिकडे ढोलकीवर थाप पडली आणि इकडे वक्त्यांच्या समोर सतरंजी उरली. दोष ढोलकीचा नव्हता. लोक ज्यासाठी आले होते ते सोडून त्यांनी आमचे ऐकावे, अशी आमची अपेक्षा होती. ती अपेक्षाच चुकीची होती.

मग यात्रेत मेळावा होतो तरी कसा? याचे उत्तर आपल्याच खानदेशात आहे, फैजपूरला.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजी हजर. नंदलाल बोसांनी बांबूतून उभारलेली सजावट पाहायला माणसे लोटली होती. बैलगाड्या जोडून बायकापोरांसह लोक आले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ती गोष्ट वर्षानुवर्षे होती. पण त्याच वेळी, त्याच फैजपुरात आणखी एक अधिवेशन झाले. ते किसान काँग्रेसचे, म्हणजे शेतकऱ्यांचे स्वतःचे. त्याचे अध्यक्ष प्रा. एन. जी. रंगा. त्यासाठी पाचशेवर शेतकरी भुस्कुटे आणि बुखारी यांच्या पुढारपणाखाली मनमाडहून फैजपूरला पायी गेले. दोनशे मैलांवर चाल. वाटेतल्या गावागावात थांबून आपण कशासाठी निघालो आहोत हे ते लोकांना सांगत गेले. फैजपूरला त्यांच्या स्वागताला स्वतः नेहरू पुढे आले. आणि काँग्रेसने त्याच अधिवेशनात शेतीचा कार्यक्रम मंजूर केला : सारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, वेठबिगार बंद करा, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या.

त्यांनी काय केले ते नीट पाहा. मोठ्या सोहळ्याच्या मांडवात त्यांनी भाषणाची पाच मिनिटे मागितली नाहीत. सोहळ्याच्या शेजारी आपले काम आपण मांडले. आणि बरेचसे काम फैजपूरला पोहोचण्याआधी, वाटेवरच उरकले होते. येत्या २७ डिसेंबरला त्या अधिवेशनाला ९० वर्षे होतील. हार घालण्यापेक्षा त्यातली ही एवढी युक्ती उचलली तरी पुरे.

आता प्रश्न येतो, मेळाव्यात करायचे काय? माझे म्हणणे : एकच काम. फरदडीचा निकाल लावायचा.

काही मित्र म्हणतील, भावाचा प्रश्न सोडून हा फरदडीत कुठे शिरला? भाव मी विसरलेलो नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच हंगामात ऐन वेचणीच्या तोंडावर आयातीवरचे ११ टक्के शुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उठवले गेले. हे कोणाच्या सोयीचे होते ते सांगायला नको. पण भावाची लढाई कापूस घरात येण्याआधी, सप्टेंबरात उभी करावी लागते. डिसेंबरअखेर निम्मा कापूस खेडा खरेदीत गेलेला असतो. तेव्हा भावावर ठराव करणे म्हणजे वरातीमागून घोडे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या हातात खरोखर असलेली एकच गोष्ट आहे. शेतातली पऱ्हाटी उपटायची की ठेवायची?

गुलाबी बोंडअळीचे मी शेतीचा पदवीधर म्हणून सांगण्याआधी एक कबुली देतो. २०१७ च्या पावसाळ्यात मी बांधाबांधाने हिंडत होतो. पाने हिरवीगार, बोंडे टपोरी. ‘पीक छान आहे,’ असे मी छातीठोकपणे सांगितले. दिवाळीनंतर तीच बोंडे फोडली तर आत अळी, पोखरलेली सरकी आणि पिवळी कवडी. ज्यांना मी छान म्हणालो होतो त्यांच्या दारात जायला मला पुढे तोंड नव्हते. ही अळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजून जाते. वरून काही कळत नाही आणि आतल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. दोन जनुकांचे बीटी बियाणे २००६ साली आले, पुढे या अळीने त्यालाही जुमानले नाही.

तिचे मर्म एकाच ठिकाणी आहे. कपाशी हेच तिचे मुख्य खाणे. एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. डिसेंबरअखेर रान मोकळे झाले, तर जूनच्या पेरणीपर्यंत पाच महिने तिला हिरवे बोंड दिसत नाही आणि तिची साखळी तुटते. फरदड मार्चपर्यंत ठेवली, तर तिच्या आणखी दोन-तीन पिढ्या आपणच पोसतो. कृषी खाते दरवर्षी सांगते, फरदड घेऊ नका. सल्ला बरोबर आहे. पण तो एकेका शेतकऱ्याला दिलेला सल्ला आहे, आणि घोडे तिथेच पेंड खाते. मी एकट्याने उपटली आणि शेजारच्या बांधावर फरदड उभी राहिली, तर माझे उपटणे वाया. पतंगाला सातबारा वाचता येत नाही. हे काम सगळ्या शिवाराने एका आठवड्यात केले तरच कामाचे. असे काम बैठकीशिवाय, एकमेकांच्या तोंडावर शब्द दिल्याशिवाय होत नाही.

यात खरी अडचण कोणाची आहे? आपल्या कोरडवाहू माणसाची नाही. त्याची पऱ्हाटी पाण्यावाचून तशीही वाळते. अडचण आहे ती ज्याच्या विहिरीला डिसेंबरात पाणी आहे त्याची. फरदडीचा दोन-चार क्विंटल कापूस म्हणजे त्याच्या पोरीच्या लग्नाचे कापड, नाहीतर सोसायटीचा हप्ता. ‘तुझ्यामुळे आमचे नुकसान’ म्हणून त्याच्यावर चाल करून जाण्यात अर्थ नाही. त्याच्या पोटाला काय, याचे उत्तर आपल्यापाशी हवे. हरभऱ्याची वेळ तोवर गेलेली असते. पण रान लगेच तयार केले तर १५ जानेवारीपासून उन्हाळी भुईमूग पेरता येतो. पाणी कमी असेल तर चाऱ्याची मका. शेजाऱ्यांनी त्याची पऱ्हाटी उपटायला इर्जिक करावे, बैल-ट्रॅक्टर द्यावा. आठ शेतांच्या भल्यासाठी एकाने उत्पन्न सोडायचे, तर आठांनी त्याला एक-एक दिवस तरी द्यावा. हे न ठरवता केलेला ठराव कागदावरच राहील.

दुसरी अडचण चुलीची. पऱ्हाटी हे आपले सरपण. आपण ती उपटतो आणि घरामागे नाहीतर बांधावर रचून पावसाळ्यापर्यंत ठेवतो. उरलेल्या बोंडांत अळी सुप्त पडून असते आणि पाऊस पडला की तिथूनच पतंग निघतात. म्हणून शेवटच्या वेचणीनंतर ठेलारी भावांच्या मेंढ्या रानात सोडाव्यात. त्या उरलीसुरली बोंडे खातात, वर खत देऊन जातात. मग पऱ्हाटी उपटावी, राहिलेली बोंडे झाडून जाळावीत आणि काड्याच तेवढ्या सरपणाला ठेवाव्यात. ज्याला यंत्र मिळेल त्याने कुट्टी करून मातीत मिसळावी.

आता तारखेचे. दत्तजयंती तिथीने येते आणि पीक उन्हापावसाने. २०२५ साली ती ४ डिसेंबरला आली होती. तेव्हा वेचणी भरात होती, पऱ्हाटी उपटण्याचे नाव कोणी काढले नसते. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती २३ डिसेंबरला, बुधवारी आहे. तोवर कोरडवाहू कपाशीची शेवटची वेचणी आलेली असते. असा मेळ दरवर्षी बसत नाही. पौर्णिमेच्या दिवशी मात्र मेळावा नको. त्या दिवशी दर्शनाची रांग आणि गर्दी. यात्रा पुढे बरेच दिवस चालते. मी शुक्रवार २५ डिसेंबर सुचवतो. नाताळची सुट्टी असल्याने शाळा-कॉलेजची पोरे घरी असतील. दादर तेव्हा निसवून दाण्यात येत असेल, पाखरांची राखण लागते. राखण पोरांकडे द्या, मोठ्यांनी निघा. आणि २५ नंतर महिनाअखेरीस सहा दिवस हातात राहतात, तेवढ्यात उपटणी होते.

पण खरा मेळावा २५ ला नाही. तो १ ते २० डिसेंबर या काळात गावोगाव व्हायचा आहे, मनमाडच्या चालीसारखा. प्रत्येक गावी एका ओट्यावर तासभर बसायचे. शिवाराची यादी करायची : कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोणाची फरदड गेल्या साली होती, कोण कोणाला उपटायला मदत करणार. या बैठकीत बायका हव्यातच. वेचणी त्यांची, पहिली कवडी त्यांच्या हाताला लागते. शेताच्या कोणत्या कोपऱ्यातून कीड सुरू झाली हे घरधन्याआधी त्यांना माहीत असते. शेतकरी बायका घराबाहेर पडत नाहीत हे जुने रडगाणे १९८६ च्या चांदवडनंतर कोणी गाऊ नये. ज्या गावाची यादी झाली तेच गाव सारंगखेड्याला बोलेल. ज्याची झाली नाही त्याने दर्शन घ्यावे, घोडे पाहावेत, आणि पुढच्या साली यादी आणावी.

जायचे कसे? पारोळ्याहून अमळनेर वीसेक किलोमीटर. अमळनेरला सुरत लाइनची गाडी, दोंडाईचाला उतरायचे, तिथून एसटी. तापी ओलांडली की सारंगखेडा. गाडीच्या वेळा त्या आठवड्यात स्टेशनवर विचारून घ्याव्यात. ज्या गावचे वीस-पंचवीस जण असतील त्यांनी सरळ गाडी करावी. थंडी फार असते, म्हाताऱ्यांनी घोंगडी घ्यावी. मेळाव्याला मंडप नाही, भोंगा नाही, पाहुणा वक्ता नाही, हार नाही. यात्रेच्या गर्दीपासून दूर, एखाद्या शेतकरी भावाला विचारून त्याच्या रानात झाडाखाली बसायचे. सकाळी दहा ते बारा. प्रत्येक गावाने उभे राहून आपली यादी वाचायची आणि शेवटची तारीख सांगायची. बारानंतर माणूस मोकळा. यात्रा त्याची, दत्त त्याचा.

कोणी म्हणेल, देवाच्या जागी राजकारण कशाला? आपण देवळात जाऊन घोषणा देणार नाही. देवळाबाहेर दोन तास बसून आपल्या शेताचे बोलणार आहोत. घोड्याचा व्यापारी तिथे आपला व्यवहार करतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही.

जेवणाचे मी ठरवून टाकले आहे, रागावू नका. प्रत्येकाने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणावा, वांगी तिथे घेऊ. आणि भरीत भाजायला प्रत्येक गावाने आपल्या शिवारातून उपटलेल्या, बोंडे झाडून घेतलेल्या पऱ्हाट्यांची एक मोळी गाडीत टाकून आणावी. ज्या गावची मोळी येईल त्या गावाने सुरुवात केली असे आम्ही समजू. सह्यांचा कागद नको.

जिल्हा बैठकीला याल तेव्हा आपल्या गावच्या विहिरी मोजून या.