अंधारातल्या मुलाचे मोल

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील प्लेडेड नावाच्या एका लहानशा संस्थेने २१ जुलै २०१० रोजी ‘लिम्बो’ हा व्हिडिओ गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रासाठी विक्रीस आणला. किंमत होती १,२०० पॉइंट्स, म्हणजे १५ डॉलर. त्या वेळच्या विनिमय दराने हिशेब मांडला तर सुमारे ७०० रुपये. पहिल्यांदा खेळणारा साधारण खेळाडू तो तीन ते पाच तासांत संपवीत असे. खेळ उत्तम आहे याविषयी फारसा मतभेद नव्हता. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ९० गुण मिळाले. तरीही पहिल्या आठवड्यापासून खेळाडूंत जी वादावादी सुरू झाली, तिचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. चार तासांच्या मालाला इतका भाव का द्यावा?

व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. किंमत वजनावर ठरावी की कसबावर, हा प्रश्न पेढीवर रोजच उभा राहतो. मात्र निवाडा करण्यापूर्वी माल पाहिला पाहिजे.

‘लिम्बो’त रंग नाही. काळा, पांढरा आणि त्यांमधल्या करड्या छटा, एवढाच त्याचा संसार. जुन्या मूकपटाच्या फितीवर दिसावेत तसे कण पडद्यावर थरथरत असतात आणि मागची झाडे धुक्यात विरून गेलेली असतात. अरण्यात जमिनीवर निजलेला एक मुलगा डोळे उघडतो; ते डोळे म्हणजे दोन पांढरे ठिपके. त्याला नाव नाही, चेहरा नाही, वाचा नाही. बहिणीचे काय झाले हे ठाऊक नसलेला भाऊ या प्रदेशात शिरतो, एवढीच कथा विक्रीच्या वर्णनात दिलेली होती. प्रत्यक्ष खेळात तीही कोठे लिहिलेली नाही. पडद्यावर ना गुणांचा आकडा, ना घड्याळ, ना सूचना. चालणे, उडी मारणे आणि एखादी वस्तू धरून ओढणे वा ढकलणे, एवढ्याच क्रिया खेळाडूच्या हाती. त्यांच्या बळावर वाटेतली कोडी सोडवत उजवीकडे सरकत जायचे. (बहुतेक जण डोळे उघडताच उजवीकडे धावतात. आरंभीच डावीकडे चार पावले टाकणाऱ्याला तेथे लपवून ठेवलेले एक अंडे सापडते. निर्मात्यांचा स्वभाव कळण्यास एवढे पुरे.)

‘लिम्बो’ हा शब्द मूळ लॅटिनमधला. अर्थ काठ, किनार. रोमन कॅथलिक परंपरेत बाप्तिस्मा होण्यापूर्वीच मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या आत्म्यांसाठी नरकाच्या काठावरचे एक स्थान कल्पिले गेले, त्याचे हे नाव. खेळाचे नाव वाचूनच युरोपातल्या खेळाडूच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती अखेरपर्यंत सुटत नाही.

कल्पना मूळची आर्न्ट येन्सन यांची. आयओ इंटरॅक्टिव्ह या डॅनिश कंपनीत ते चित्रकार होते. २००४ च्या सुमारास त्यांनी एका गूढ जागेची काही रेखाटने केली आणि त्यांतून खेळ घडवता येईल असे त्यांना वाटले. स्वतः व्हिज्युअल बेसिक घेऊन प्रोग्रॅम लिहिण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. तो फारसा पुढे गेला नाही. मग २००६ मध्ये त्यांनी नमुन्यादाखल एक लहान चित्रफीत तयार केली. हेतू एवढाच, की ती पाहून एखादा प्रोग्रॅमर सोबत येईल. डिनो पाटी आले आणि त्याच वर्षी दोघांनी प्लेडेडची स्थापना केली.

खेळाडूंचे जवळपास एकमत झालेली गोष्ट म्हणजे ध्वनी. मार्टिन स्टिग अँडरसन यांनी येथे गुणगुणता येईल अशी चाल जवळजवळ ठेवलीच नाही. वारा, पाण्याची गुरगुर, लोखंडाचा दूरचा कण्हता आवाज, मुलाची पावले. संगीत कोठे संपते आणि परिसर कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. दिवे मालवून, कानांना हेडफोन लावून खेळा, असा सल्ला जुने खेळाडू नव्यांना देतात तो यासाठीच.

त्यानंतर सर्वाधिक बोलले जाते ते कोळ्याविषयी. अरण्यात एका झाडामागे प्रचंड कोळी बसलेला असतो. त्याचे अणकुचीदार पाय भाल्यासारखे जमिनीत रुततात. मुलाजवळ शस्त्र नाही. अरण्यात पेरलेले दातेरी सापळे तेवढे आहेत, आणि झाडावर टांगलेला त्यांतलाच एक खाली पाडून कोळ्याचे पाय त्यात अडकवावे लागतात. पुढे तो पुन्हा भेटतो, जाळ्यात गुंडाळतो, पाठलाग करतो आणि प्रत्येक भेटीत थोडा अधिक विकल होत जातो. अखेर त्याचा एकच पाय उरतो. पुढे काट्यांनी भरलेला खड्डा असतो आणि तो ओलांडण्याचा एकच मार्ग: उरलेला पायही उपटायचा, धड लोटत न्यायचे आणि खड्ड्यात टाकून त्यावरून पलीकडे जायचे. ज्याच्या भीतीने अर्धा तास जीव मुठीत धरला, त्याचीच येथे कीव आली, असे कित्येक खेळाडूंनी नमूद केले आहे. ‘उत्तर सापडले’ हा आनंद आणि ‘हे आपल्या हातून घडले’ ही बोच एकाच बटणावर येतात. कोणी पात्र येऊन उपदेश करीत नाही, गुण कापले जात नाहीत. मुलगा पलीकडे उतरतो आणि चालू लागतो.

दुसरा मोठा वाद मृत्यूचा. हा मुलगा सतत मरतो. सापळ्यात शिर तुटते, करवतीच्या पात्याखाली येतो, विजेचा धक्का बसतो. पोहता येत नसल्याने पाण्यात बुडतो. प्रत्येक वेळी चार पावले मागे तो पुन्हा उभा राहतो. चुका करत शिकणे याच्या जागी मरत मरत शिकणे, असे या पद्धतीचे वर्णन खुद्द निर्मात्यांनीच केले होते. पाहणाऱ्याला ते कठोर वाटते, आणि आहेही. लहान मुलाची आकृती अशी छिन्नविच्छिन्न होताना दाखवण्याची गरज काय, हा आक्षेप अनेकांनी घेतला, व तो भाबडा म्हणून बाजूस सारता येत नाही. काही यंत्रांवरील आवृत्त्यांत ही दृश्ये बंद ठेवण्याची सोय आहे. तेव्हा मृत्यूच्या क्षणी पडदा केवळ काळा होतो. घरात लहान मुले असतील तर ही सोय जरूर वापरावी. त्याहून बरे म्हणजे खेळ त्यांच्या हाती देऊच नये, कारण पडदा काळा केला तरी फांदीला लटकलेली मुले आणि सापळे लावून बसलेली इतर मुले जागच्या जागी राहतात.

पण खेळाडूंची खरी तक्रार रक्ताविषयी नव्हती; न्यायाविषयी होती. वाटेत एके ठिकाणी वरून दाबयंत्र कोसळते आणि खालची कळ चुकविणे भाग पडते. लगेच पुढे तसेच दुसरे यंत्र येते. दिसायला हुबेहूब, नियम मात्र नेमका उलट. पहिल्यात शिकलेले दुसऱ्यात जीव घेते. एका पक्षाचे म्हणणे असे, की मरण्यापूर्वी जे कळणे शक्यच नाही त्याची शिक्षा करणे ही लबाडी आहे; कोडे आणि फसवणूक यांत फरक असावा. दुसरा पक्ष म्हणतो, शिक्षा कसली, चार पावले मागे जाण्याचीच ना? तेवढ्या मोलात एक कटू विनोद पदरी पडतो. दोघांचेही खरे आहे; फक्त असा विनोद एकदाच चालतो, आणि निर्मात्यांनी तो एकाहून अधिक वेळा केला आहे. खेळात एक मानचिन्ह असेही ठेवले आहे, की जो एका बैठकीत, पाचाहून अधिक वेळा न मरता, अखेर गाठील त्याला ते मिळेल. ते मिळवणाऱ्यांना हाच खेळ वेगळा भासतो. पहिल्या फेरीतली भीती ओसरलेली असते; अंतर, वेळ आणि पाऊल यांचे गणित तेवढे उरते.

उत्तरार्धाविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अरण्य मागे पडते. विजेची अक्षरे लावलेला हॉटेलचा फलक येतो, मग कारखाने, चक्रे, पाट्या, आणि शेवटी गुरुत्वाकर्षणाची दिशाच बदलणारी यंत्रे. कोळी नाही, मुले नाहीत. डोक्यावर पडून मुलाला एकाच दिशेने चालावयास लावणारी चकाकती अळी अधूनमधून भेटते, तेवढेच काय ते सजीव. कोडी अवघड होतात, पण त्यांतली कथा विरळ होत जाते, असे पुष्कळांचे मत पडले. यंत्रांतला एकटेपणा मुद्दाम ठेवला आहे, असे उत्तर चाहते देतात. ते उत्तर पटत नाही. कोळ्याच्या वेळी कोडे आणि भय ही एकच गोष्ट होती. उत्तरार्धात कोडे एकीकडे आणि वातावरण दुसरीकडे असे दोन खाती पडतात.

आता भावाचा प्रश्न. तक्रार करणाऱ्यांचे गणित तासांचे होते. ६० डॉलरचा मोठा खेळ पन्नास-साठ तास पुरतो, म्हणजे तासाला एक डॉलर. हा मात्र तासाला चारेक डॉलर पडतो. त्यावर चाहत्यांनी चित्रपटाच्या तिकिटाचे उदाहरण पुढे केले. हा वाद नवा नव्हता. २००८ मध्ये जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ हा लहान खेळ याच १,२०० पॉइंट्सना आला, तेव्हाही अशीच कुरकुर झाली होती. वस्तुतः तासावर भाव लावण्यात एक खोट आहे. पन्नास तासांत चाळीस तास तेच ते करावयाचे असेल, तर ती भेसळ झाली. भरताड घालून वजन वाढविलेला माल कोणता जाणकार स्वस्त म्हणेल? मात्र ग्राहकाचेही एक म्हणणे न्याय्य होते. आत किती माल आहे हे आधी कळण्यास मार्ग नव्हता, आणि एकदा उत्तरे ठाऊक झाली, की कोड्यांचा खेळ पुन्हा खेळण्यातली गोडी निम्म्याने उतरते.

याच मुद्द्यावर प्लेडेडच्या घरातही ताण होता. खेळ लांबवावा, अनेकांना एकत्र खेळता येईल असा करावा, अशा सूचना गुंतवणूकदारांकडून आल्या होत्या. येन्सन आणि पाटी यांनी त्या मानल्या नाहीत. सोनीबरोबरची बोलणीही खेळाच्या स्वामित्वहक्कावर अडली, असे सोनीच्याच एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले. म्हणून ‘लिम्बो’ प्रथम मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर व संगणकांवर पोहोचण्यास त्याला २०११ चा उन्हाळा उजाडला. हक्क मात्र निर्मात्यांकडेच राहिले. विक्री चांगली झाल्यावर २०११ मध्येच संस्थापकांनी गुंतवणूकदारांचे भाग परत विकत घेऊन कंपनी पूर्णपणे आपल्या हाती आणली. चार तासांच्या खेळाने हे साधले. लांबी वाढवली असती तर काय झाले असते ते सांगणे कठीण, पण उत्तरार्ध पाहता ती वाढवली नाही हेच बरे झाले.

पुढे किंमत उतरत गेली. सवलतीच्या दिवसांत हा खेळ पहिल्या किमतीच्या अंशमात्र दराने मिळू लागला, आणि जून २०१६ मध्ये, प्लेडेडचा दुसरा खेळ ‘इनसाइड’ येण्याच्या तोंडावर, स्टीम या दुकानाने तो अल्पकाळ विनामूल्य दिला. त्यानंतर आलेल्यांच्या बोलण्यात लांबीची तक्रार फारशी आढळत नाही. कोळी, दाबयंत्रे आणि शेवट यांवरचे वाद मात्र पूर्वीच्याच जोराने चालू आहेत.

शेवट असा आहे. मुलगा काचेच्या तावदानातून फुटून बाहेर फेकला जातो, पुन्हा अरण्यात पडतो, उठतो, थोडे चालतो. समोर पाठमोरी बसलेली एक मुलगी. तिला चाहूल लागते, ती दचकते, आणि पडदा मिटतो. दोघांनी एकमेकांना पाहिले की नाही, हेही कळत नाही. याला उर्मट अपूर्णता म्हणणारे खेळाडू आहेत. दुसरे खेळाडू तर्क लढवतात. फुटलेली काच मोटारीची असावी आणि अपघातात भावंडे गेली असावीत, असे काहींना वाटते. झाडावरच्या घरातून मुले पडली असावीत, असे इतरांना. दुसऱ्या तर्कासाठी ते आरंभीचा मुखपडदा दाखवतात. खेळ सुरू करण्यापूर्वी जे चित्र दिसते, ती शेवटचीच जागा आहे. फक्त शिडी मोडकळीस आलेली, मुले नाहीत, आणि जेथे ती असावयास हवी त्या दोन ठिकाणी माश्या घोंघावत आहेत. पहिल्या दिवशी त्या माश्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. येन्सन यांना अर्थ विचारला गेला, तेव्हा त्यांनी तो सांगण्याचे टाळले. खेळ संपवून पुन्हा मुखपडद्यावर आलेले खेळाडू त्या दोन जागांकडे पाहत राहतात.