परळीचे वीज केंद्र केवळ दुष्काळाने बंद पडले नव्हते

१/ फेब्रुवारी २०१३. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे सारे संच थांबले. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी उरले नव्हते. ‘दुष्काळाने केंद्र बंद पाडले’ हे वाक्य तेव्हापासून इतिहास म्हणून सांगितले जाते. मित्रहो, हे अर्धसत्य आहे. पाऊस आपल्या हाती नव्हता; शीतकरणाची पद्धत होती.

२/ टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी तिची उष्णता कोठेतरी सोडावी लागते. ती कोठे सोडायची, हे प्रामुख्याने भूगोल ठरवतो.

३/ समुद्रकाठी उत्तर सोपे आहे. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र समुद्राचे पाणी घेते आणि ते कोमट करून समुद्रातच सोडते.

४/ एवढे पाणी नसेल, तर कूलिंग टॉवर. कमरेत बारीक असलेला तो काँक्रीटचा मनोरा १९१८ साली नेदरलँड्समधील हेर्लेनजवळ प्रथम उभा राहिला. त्यात तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. परंतु प्रत्येक फेरीत काही वाफ होऊन आकाशात जाते. वर दिसतो तो धूर नव्हे. ते गमावलेले पाणी आहे.

५/ किती? केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या केंद्रांना घातलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर आहे. या हिशेबाने पूर्ण क्षमतेने चालणारा २५० मेगावॅटचा एक संच दिवसाला २ कोटी १० लाख लिटर पाणी घेईल.

६/ तिसरा मार्गही होता. दक्षिण आफ्रिकेने १९८०च्या दशकात कोरड्या लिम्पोपो भागात सुमारे ४,००० मेगावॅटचे मातिम्बा केंद्र उभारले. तेथे वाफ नळ्यांतून फिरते आणि प्रचंड पंख्यांच्या हवेने थंड होते.

७/ आक्षेप ठाऊक आहे: ही पद्धत महाग आहे आणि उन्हाळ्यात वीज कमी देते. मान्य. पण बंद संच किती वीज देतो?

८/ मातिम्बाच्या शेजारी कोळशाची खाण तरी आहे. परळीला कोळसाही रेल्वेने आणावा लागतो. येथील पहिले संच १९७१चे. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. तरीही २००७ आणि २०१० साली पाण्यावरच चालणारे नवे संच जोडले गेले. निसर्गाने इशारा दिला होता. तो माणसांनी वाचला नाही. इतिहासात दोष नोंदवायचा तर तो निर्णयाच्या खाती नोंदवा, पावसाच्या नव्हे.