रोपलेला दात आणि लाल उजेड

दंतरोपण आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. बेळगाव-हुबळीकडे जाऊन आमच्या खेड्यांतली माणसेही पडलेल्या दाताच्या जागी टायटॅनियम धातूचा स्क्रू बसवून घेतात. उसाच्या बिलातला मोठा भाग त्यात जातो. पुढे त्या दाताभोवती पू झाला की लाल उजेडाने जंतू मारण्याचा उपाय कानावर येतो, आणि घरची मंडळी आम्हांला विचारतात, “फादर, करावे का?” आमचे मत आरंभीच सांगतो. हा उजेड खोटा नाही. पण तो सफाईची जागा घेऊ शकत नाही. सफाईवाचून नुसत्या उजेडावर पैसा घालू नये.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांच्या हाडावर प्रयोग करताना आढळले. १९६५ मध्ये त्यांनी असा दात पहिल्यांदा माणसाला बसवला. हा शोध मोठाच. पण देवाने दिलेला दात हिरडीशी आणि हाडाशी बारीक तंतूंनी घट्ट बांधलेला असतो. रोपलेल्या दाताभोवती तशी बांधणी नसते. म्हणून तेथे शिरलेली घाण हाडापर्यंत लवकर पोहोचते. शिवाय स्क्रूला आटे असतात आणि त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यामुळे जंतूंचा थर तेथे चिकटून बसतो. आरंभी हिरडी लाल होते, ब्रश लावताच रक्त येते. याच वेळी उपाय केला तर दुखणे पुरते बरे होऊ शकते. पुढे हाड झिजू लागते, आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. पुष्कळदा दुखतही नाही, हाच खरा धोका.

आता उजेडाविषयी. रंग आणि उजेड मिळून सूक्ष्म जीव मरतात, हे म्युनिकमध्ये प्राध्यापक टापायनर यांचे विद्यार्थी ऑस्कर राब यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावर दंतवैद्य दाताभोवतीच्या खाचेत मिथिलीन ब्लूसारखा निळा रंग सोडतात, तो जंतूंत भिनू देतात आणि मग बारीक नळीने लाल उजेड टाकतात. रंग उजेडाची शक्ती घेऊन प्राणवायूला देतो, आणि तो प्रखर झालेला प्राणवायू जंतूंचे कवच फोडतो. प्रतिजैविक औषधांना जंतू सरावतात, तशी भीती येथे फार कमी. हा गुण मान्य केलाच पाहिजे.

पण जेथे रंग पोहोचत नाही तेथे उजेड निकामी. किटणाच्या आड, आट्यांच्या खोल खाचेत जंतू सुखरूप राहतात. आमच्या ऊसवाल्यांना हे समजावून सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर प्रकाश सापळा लावला तर हुमणीचे भुंगेरे त्यात येऊन पडतात; पण जमिनीत मुळे कुरतडणारी अळी सापळ्याने मरत नाही. तिच्यासाठी जमीनच नांगरावी लागते. युरोपातील हिरडीरोग-तज्ज्ञांच्या महासंघाने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांतही दाताची नित्य निगा, तंबाखू व मधुमेहावर ताबा आणि दंतवैद्याकडून खोल सफाई यांनाच पहिले स्थान आहे. तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी दंतवैद्यांना नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. दात बसवला तेव्हाच्या आणि आताच्या क्ष-किरण चित्रांत हाडाचा किती फरक आहे? किटण कसे काढणार? वरच्या टोपीखाली चिकटवायचे सिमेंट तर उरलेले नाही ना, आणि तेथे ब्रश पोहोचतो का? उजेड सफाईबरोबर देणार, की सफाईऐवजी? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही.

एक गोष्ट मात्र दंतवैद्याच्या हाती नाही. मशेरी, तंबाखूची गोळी, विडी. निपाणी भागात तंबाखूवर घरे चालतात हे आम्ही जाणतो. शेतात काय पिकवावे हा पोटाचा प्रश्न आहे आणि त्यावर घाईने बोलणे आम्हांला शोभणार नाही. पण जो माणूस दातासाठी कर्ज काढतो आणि त्याच दाताशेजारी तंबाखूची चिमूट ठेवतो, तो एका हाताने रोप लावतो आणि दुसऱ्या हाताने उपटतो. साखरेच्या रोग्यांनीही हेच ध्यानात घ्यावे: रक्तातली साखर आवरली नाही तर हिरडी सावरत नाही.

९ फेब्रुवारी हा संत अपोलोनियाचा सण. इ.स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात श्रद्धेसाठी तिचे दात पाडण्यात आले, आणि तेव्हापासून दातदुखीचे रोगी तिची मध्यस्थी मागत आले आहेत. मध्यस्थी अवश्य मागावी. पण ज्यांनी दात रोपून घेतला आहे त्यांनी सहा महिन्यांतून एकदा, आणि साखर किंवा तंबाखू असेल तर त्याहून लवकर, तपासणीला जावे. रोज रात्री दातांच्या फटीत शिरणारा बारीक ब्रश फिरवावा. कोणत्याही यंत्राच्या उजेडापेक्षा तो स्वस्त आहे, आणि तो आपल्याच हातात आहे.